सगळ्या घराला ठाऊक असलेला पासवर्ड

गिरणीचा तो कापलेला पट्टा अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून-दरोडे पाहिले, पण जिवाला घोर लावून गेलं ते हेच प्रकरण.

मी मूळचा तळकोकणातला. सातवीत शाळा सुटली. बुलढाणा जिल्ह्यात पोलीस शिपाई म्हणून भरती झालो तो इथलाच झालो. हवालदार, मग सहायक फौजदार. भात खाणाऱ्या माणसाला या मुलखानं ज्वारीच्या भाकरीसकट पोटात घेतलं, ते उपकार विसरत नाही. शिक्षण कमी, म्हणून प्रत्येक पंचनाम्यात काही चुकेल ही धास्ती मात्र शेवटपर्यंत राहिली.

घराघरांत कॉम्प्युटर येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. चिखलीजवळच्या गावातला एक गिरणीवाला ठाण्यात आला. कुणीतरी कुलूप तोडून त्याच्या गिरणीचा पट्टा कापला होता. ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहून घेतली. सही करून गिरणीवाला माझ्या टेबलाशी थांबला.

“पट्टा नवा टाकता येईन, साहेब. पण माह्या रोगाचं गावात कोणी सांगितलं, तेवढं मले पाहून द्या.”

त्याला एचआयव्हीची बाधा असल्याचं नुकतंच कळलं होतं. चिखलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तो जायचा. बायकोलाही तपासणीला आणा, असं त्या म्हणत होत्या. पोळा होऊ द्या, मग मीच तिला सांगतो, असं म्हणून यानं मुदत मागितली होती. तेवढ्यात गावभर झालं. दळण येणं बंद झालं आणि बायकोला ही गोष्ट हापशीवर बायांच्या तोंडून कळली.

खबऱ्यानं दोन पोरांची नावं दिली. आमच्या हवालदारानं त्यांना समोर बसवलं.

“काऊन कापला बे पट्टा?”

“रोग पसरवून राह्यला तो. पिठातून लागते म्हणे.”

“तुले कोणी सांगितलं?”

“सारं गावच म्हणते. गाडीवर डायवर होता तवा लागला त्याले.”

पोरांवर गुन्हा दाखल झाला. पण ते ‘गाडीवर डायवर’ माझ्या कानात बसलं. चहाच्या टपरीवर तेच, पारावर तेच. अफवा तोंडातोंडातून गेली की रंग बदलते. हे एवढं मात्र कुठंच बदललं नव्हतं. मी गिरणीवाल्याला विचारलं.

“डायवर? साहेब, मले सायकल धड येत नाही!” त्याही परिस्थितीत तो हसला.

पहिला संशय बाईंच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरवर. तो हात जोडून म्हणाला, “मी फक्त कागद काढून देतो साहेब. बाईचं इंग्रजी मले कुठं वाचता येते?” दवाखान्यातला कागद पाहिला. त्यावर धंदा पिठाची गिरणी असाच होता. बाई म्हणाल्या, “हेच मी संध्याकाळी घरी कॉम्प्युटरवर उतरवते.”

आम्ही त्यांच्या घरी गेलो. बैठकीत विणलेल्या रुमालाखाली कॉम्प्युटर. हात लागून बिघडला तर, म्हणून मी लांबच उभा. बाईंनी नोंद उघडली आणि धंद्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. जुन्या रोग्याची नोंद घेऊन त्यात बदल करायची त्यांची पद्धत. नाव बदललं होतं, धंदा बदलायचा राहिला होता. पडद्यावर ट्रकचालक होतं.

म्हणजे बातमी दवाखान्यातून नव्हे, याच बैठकीतून गेली होती.

“याला पासवर्ड नाही?” मी विचारलं.

“आहे ना. पण घरात सगळ्यांना सांगून ठेवलाय, बाबांनाही. घरच्यांपासून कुलूप लावलं तर त्यांना काय वाटेल?”

बाबा म्हणजे सासरे, निवृत्त शिक्षक. शेजारीच बसले होते. आत्ताच मला आग्रहानं चहा दिला होता. मी आवाज चढवला नाही. अशा माणसाला दरडावलं की तो मानापानात शिरतो, गप्प बसलं की बोलतो.

“मशीन शिकत होतो हो,” ते म्हणाले. “त्याचं नाव-गाव वाचण्यात आलं. पह्यले गाडीवर असन, असं वाटलं. आमच्या भावाचं दळण त्याच गिरणीवर जाते. घरात लहान लेकरं. म्हणून भावाले तेवढं सांगितलं. कोणाले सांगू नको, असं बजावलंही होतं.”

“बाबा, पिठातून नाही लागत तो रोग. मला विचारायचं तरी!”

“तुले विचारलं असतं तं तू म्हणाली असती, काऊन वाचलं?”

गिरणीवाल्याला मी सगळं सांगितलं. तक्रार देता येईल, हेही. त्यानं मान हलवली. “त्या बाईचं औषध चालू आहे, साहेब. त्याईच्या घराले कोर्टात नाही नेत.”

बायकोच्या तपासणीत काही निघालं नाही, तेवढा एक दिलासा. डॉक्टरीणबाईंचे सासरे गव्हाचा डबा घेऊन भर गावातून त्याच्या गिरणीवर गेले. त्यानं दळून दिलं. त्यांच्यामागून दुसरा डबा काही आला नाही. पुढं गिरणी भंगारात गेली आणि एका उन्हाळ्यात तोही गेला.

चोराच्या भीतीनं आपण दाराला कडी लावतो. पण दुसऱ्यानं विश्वासानं आपल्याकडे ठेवलेलं गुपित, घरच्यांचं मन राखायला, उघडं टाकतो. ते आपलं नसतंच. मग घरच्यांचं कुठून असणार? हे मला या प्रकरणानं शिकवलं, फार महागात.

तो गेल्यावर मी त्याच्या घरी भेटायला गेलो होतो. बायकोनं पाणी दिलं आणि दाराशी उभी राहून विचारलं, “पोळा झाल्यावर सांगणार होते म्हणतात. खरंच सांगितलं असतं का हो त्याईनं मले?”

“हाव, सांगितलं असतं,” मी तिच्याच बोलीत म्हणालो.

मला ते ठाऊक नव्हतं. आता कोणालाच ठाऊक होणार नव्हतं.