पाण्यात मारलेली लाथ

मी पोहायला शिकले ते एकोणचाळिसाव्या वर्षी. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. उभं राहून राहून पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून मी टँकवर जायला लागले. तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक काका रोज सकाळी साठ फेऱ्या मारायचे. कठड्याला धरून चालणारी मी त्यांना बघवेना.

"मॅडम, चालायलाच आला असला तर रंकाळ्याचा काठ काय वाईट हाय?" ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला शिकवायला लागले.

त्यांच्याच नादाने चौथ्या वर्षी मी ट्रायथलॉनचा फॉर्म भरला. दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगाने चाळीस किलोमीटर सायकल मारायची आणि मग दहा किलोमीटर पळायचं. त्या हंगामात तीन शर्यती होत्या. ऑक्टोबरात राजाराम तलावात, डिसेंबरात मालवणच्या बाजूला समुद्रात आणि फेब्रुवारीत परत राजारामला.

सायकलीची मला भीती नव्हती असं नाही. सरावाला हातकणंगल्याच्या रस्त्याला गेलं, की उसाचे दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर अगदी अंगाजवळून जायचे. बाहेर लोंबणारी उसाची टोकं दंडाला घासायची. पण ती भीती ट्रॅक्टर पुढे गेला की संपायची. पाण्याची तशी नव्हती. टँकमध्ये तळाच्या फरशा दिसतात. तलावात स्वतःचा हातसुद्धा कोपरापुढे दिसत नाही. सगळं हिरवं, आणि त्याच्याखाली काळं. मी तोंड आत घातलं की कुणीतरी खालून बघतंय असं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बेचाळीस पार केलेली, दोन लेकरांची आई, नववी-दहावीच्या मुलींना दरडावणारी बाई मी. कुठल्या तोंडाने सांगणार?

ऑक्टोबरात शिट्टी झाल्यावर शंभर-सव्वाशे माणसं एकदम पाण्यात घुसली. कुणाचं कोपर डोक्यात, कुणाची टाच हनुवटीला. दोनशे मीटरवर माझा श्वास लहान झाला. मी बचावाच्या होडीला धरून लोंबकळत राहिले. होडीतला माणूस म्हणाला, "ताई, दमानं. कोण पाठीमागं लागलंय काय?" पाच मिनिटांनी मी होडी सोडली आणि शेवटून तिसरी आले. घरी सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र एवढंच कळलं होतं, की भीती संपली नाही, तिची नुसती वाट चुकवली.

डिसेंबरात नवरा गाडी चालवत होता आणि मी राधानगरीच्या जंगलातून जाताना पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. फोंडा घाट उतरताना त्याने विचारलं, "नको वाटतंय का? परत फिरू या." मी "छे" म्हणाले. तेव्हा खरं बोलले असते तर पुढचं काही घडलं नसतं, असं नंतर कितीदा तरी मनात आलं.

सकाळी समुद्र शांत होता. चार नारिंगी तरंगते बोये टाकले होते, त्यांना वळसा घालून परत किनाऱ्याला यायचं. पहिला बोया गेला. दुसऱ्यापाशी लाट थोडी वाढली. मी श्वास मोजत होते. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

शर्यतीत हात लागतात. मी खांदा झटकला. हात निघाला नाही. दुसरा हात मानेशी आला आणि माझ्या पोहण्याच्या सूटची कॉलर मुठीत धरली गेली. मग एका आख्ख्या माणसाचं वजन माझ्यावर आलं आणि मी खाली गेले.

नाकातोंडात खारं पाणी गेलं. कान बंद झाले. वर उजेड दिसत होता, पण तो माणूस माझ्यावर चढून त्या उजेडाकडे चालला होता. मी वर आले, अर्धा श्वास मिळाला, त्याने परत दाबलं. त्या वेळी मुलं आठवली, देव आठवला, असं काहीही झालं नाही. मला फक्त तो माणूस अंगावरून जायला हवा होता. मी वळले, दोन्ही गुडघे पोटाशी घेतले आणि जीव खाऊन लाथ मारली. ती मऊ जागी बसली. कॉलर सुटली.

आणि मी पोहत सुटले. मागे बघितलं नाही. हात वर करून होडी बोलावली नाही, ओरडले नाही. वीस-पंचवीस हात मारल्यावर थांबले आणि वळले, तर लाटांवर सगळीकडे शर्यतीच्या सारख्याच पिवळ्या टोप्या. त्यातली कुठली त्याची, आणि ती वर होती का, काही कळायला मार्ग नव्हता. तेव्हाही मी ओरडले नाही. किनारा दिसत होता, तिकडे गेले.

सायकलीपाशी मला बुटाची पट्टी लावता येईना. तिथल्या स्वयंसेवक मुलीला विचारलं, "कुणाला पाण्यातून काढलं का?"

"माहीत नाही मॅडम. तुम्ही निघा, वेळ जातोय तुमचा."

मी निघाले. का निघाले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. थांबले असते तर कुणीतरी विचारलं असतं, काय झालं. विसाव्या किलोमीटरला समोरून रुग्णवाहिका गेली, सायरन वाजवत. माझे पाय आपोआप फिरत होते आणि डोक्यात एकच हिशेब चालला होता. लाथ कुठे बसली? बरगडीखाली. तिथे बसली तर श्वास जातो. श्वास गेला तर माणूस किती सेकंदांत खाली जातो? वर्गात मुलींना वेग-वेळेची गणितं घालते तशी मी स्वतःला घालत होते आणि एकाचंही उत्तर चांगलं येत नव्हतं.

पळणं संपवून मी पदकसुद्धा न घेता डॉक्टरांच्या मांडवात गेले. एका माणसाला पाण्यातून काढलं होतं. ऑक्सिजन लावून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं होतं. "कसा आहे?" तर, "पाठवला तेव्हा शुद्धीवर होता."

नवऱ्याला म्हटलं, "दवाखान्यात चल." त्याला वाटलं मलाच काही झालं. गाडीत मी त्याला लाथेपर्यंतचं सांगितलं. तो म्हणाला, "तू मारली नसतीस तर मी आत्ता कुणाला आणायला गेलो असतो?" बरोबर होतं ते. तरी मी गाडी जोरात घे म्हणाले.

तो माणूस खाटेवर बसला होता. पस्तिशीचा असेल, रुंद खांद्यांचा, नाकाला नळी. शेजारी त्याची बायको. "कोण पाहिजे?" तिने विचारलं. मी म्हणाले, "मीपण शर्यतीत होते. कोल्हापूरची. कसे आहेत बघायला आले."

"आम्ही कबनूरचं. घरचं यंत्रमाग हायत," ती म्हणाली. "बरं झालं आलासा. आपल्याकडचं माणूस दिसलं."

तो थकलेलं हसला. म्हणाला, "पेटका आला ताई. पुढचं काय आठवत न्हाय." मी त्याच्या पोटाकडे बघत होते. कुठे लागलं का, एवढंही मला विचारवलं नाही. काळजी घ्या म्हणाले आणि बाहेर आले.

त्यानंतर माझं पोहणं बंद पडलं. टँकच्या पायऱ्या उतरायचे, छातीइतक्या पाण्यात उभी राहायचे आणि तोंड आत जाईना. जाईल असं वाटलं, की मानेवर मूठ यायची. घरी तोंडावर पाणी मारतानाही मी डोळे उघडे ठेवायला लागले. काकांनी आठवडाभर बघितलं आणि एक दिवस कठड्यावर बसवून विचारलं. मी सांगितलं. होडी बोलावली नाही, तेही सांगितलं, जे नवऱ्याला सांगताना गाळलं होतं.

काका म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? ज्याला मारलं त्याला सांगा."

"तो चिडला तर?"

"चिडंल की. चिडू दे."

जानेवारीतल्या एका रविवारी मी कबनूरला गेले. मालवणच्या शर्यतीला गेलेला मागवाला कुठे राहतो, असं विचारत गल्ली सापडली, घर सापडलं. पुढे घर आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये सहा माग. तो मागांपाशी होता. आवाज एवढा, की पायाखालची फरशी थरथरत होती. मला बघून तो पुढे आला, ओळखून हसला, कानाला हात लावून "काय?" म्हणाला. मला वाटलं आता बोलले नाही तर चहा पिऊन परत जाईन. मी ओरडून सांगायला लागले.

"त्या दिवशी तुम्ही ज्याला धरलं होतं ना—"

"काय?" त्याने हात करून कामगाराला खूण केली. एकेक माग बंद व्हायला लागला, पण मला ते उमगलं नाही. मी त्याच पट्टीत ओरडले, "ती मीच! मी तुम्हाला लाथ मारली आणि तशीच निघून गेले!"

शेवटचा माग थांबला होता. माझा आवाज आख्ख्या शेडमध्ये घुमला. दारात त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

मग तिनेच विचारलं, "आन मागं बघितलं बी न्हाईसा?"

"उशिरा बघितलं."

"कुणाला हाक मारली?"

"नाही."

तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. आता बाहेर काढणार, असं धरून मी उभी राहिले. तो मात्र मागाच्या लाकडावर टेकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, म्या कुणाला धरलंतं?" त्याने हळू विचारलं. "खरंच धरलंतं? मला वाटलं ते सपान हाय. कायतरी मऊ हाताला लागलं आन म्या त्येच्यावर चढलो. तुमी किती खाली गेलतासा?"

"दोनदा."

"दोनदा," तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही तळवे मांडीला पुसले. मग म्हणाला, "घरात कुणाला सांगितलं न्हाय, पर म्या आता विहिरीच्या कडेला बी उभा ऱ्हात न्हाय."

त्याची बायको चहा घेऊन आली. माझ्यासमोर कप ठेवताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "सांगाय आलासा, ते चांगलं केलं. पर मला राग हाय. असू दे." मी मान हलवली. तो राग मला मान्य होता.

पुढच्या आठवड्यात तो टँकवर आला. माझ्याकडून नंबर घेऊन काकांनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. काकांनी आम्हाला छातीइतक्या पाण्यात समोरासमोर उभं केलं.

"बुडणारा माणूस वर जायला बघतो," ते म्हणाले. "त्येनं धरलं की तुम्ही हनुवटी छातीला लावायची आन सरळ खाली जायचं. तो आपसूक सोडतो. लाथेची गरज न्हाय. आता ह्यो तुम्हाला मागनं धरणार."

"नको," मी म्हणाले.

"मला बी नको," तो म्हणाला.

तरी पहिल्यांदा त्याने धरलं. धरण्याआधी त्याने दोनदा हात मागे घेतले. ते खांद्यावर पडताच मी किंचाळले आणि पायऱ्यांकडे पळाले. दुसऱ्यांदाही तेच. काठावरच्या बायका बघायला लागल्या. तिसऱ्यांदा मी हनुवटी लावली, डोळे मिटले आणि खाली गेले. पाणी कानांवरून वर चढलं. मला मोठ्याने रडायचं होतं आणि पाण्यात रडता येत नव्हतं. एक, दोन, तीन मोजलं. हात सुटले. वर आले तर तो कठड्याला धरून उभा होता, पांढराफटक.

आम्ही महिनाभर हे केलं. तो परत पोहायला लागला, पण खोल भागात गेला नाही. फेब्रुवारीत त्याने पोहणं नसलेली शर्यत घेतली: पळणं, सायकल आणि परत पळणं. मी पूर्ण ट्रायथलॉनला नाव दिलं.

त्या सकाळी राजारामवर थंडी होती. शिट्टी झाल्यावर मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि मग निघाले. पहिल्या बोयापर्यंत चारशे हात मी मोजले. भीती गेली नव्हती. ती माझ्याबरोबर पोहत होती, अगदी बरोबरीने.

दुसऱ्या बोयाच्या पुढे पायाला हात लागला. परत लागला. माझं सगळं अंग आखडलं. हनुवटी आपोआप छातीला गेली. पण मानेवर काही आलं नाही. मी वळले आणि पाण्यातून डोकं काढून विचारलं, "काय झालं? होडी बोलवू?"

मागे एक गोल चेहऱ्याचा माणूस होता. त्याने पोहायचा चष्मा कपाळावर सरकवला.

"काय न्हाय ओ ताई, तुमच्या मागनं पाणी कापलेलं मिळतंय, सोपं जातंय म्हणून आलतो. चला की पुढं!"

मी चालू लागले, म्हणजे पोहू लागले. शेवटच्या तीनशे मीटरला दोनदा पाठीवर पडून श्वास घ्यावा लागला. एकदा होडी जवळ आली, तेव्हा मी तिला धरलं आणि लाज वाटली नाही. बाहेर आले, सायकल घेतली, पळाले. वेळ ऑक्टोबरपेक्षा फक्त चार मिनिटांनी कमी होता.

संपल्यावर मी तळ्याच्या पायरीवर बसले. कबनूरचा तो माणूस त्याची शर्यत संपवून लांब झाडाखाली बायकोबरोबर भडंग खात होता. त्याने हात केला. तिने केला नाही, पण बघितलं. मला पाण्याची बाटली उघडेना. नवऱ्याने ती घेतली, उघडली आणि परत माझ्या हातात न देता माझ्या तोंडाला लावली.