साळवेमामांचे नऊ घोडे

पहिल्या भेटीत साळवेमामांनी मला नमस्कार केला नाही. त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "मऊ हाय. पर थरथरत न्हाई. जमंल."

मी नुकताच पुण्याहून शिकून बाहेर पडलो होतो. शेवगाव तालुक्यातल्या एका मोठ्या गावात जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली होती, आणि योहान साळवे तिथे ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरणं ही त्यांची कामं. सारा गाव त्यांना मामा म्हणायचा. पेन्शनीला दोन-तीन वर्षं राहिलेली, पण हा माणूस एका जागी ठरत नसे. भाकरी उभ्यानं खायचे, चहा अंगणात फेऱ्या मारत प्यायचे. रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मागे दाराशी उभे राहायचे आणि प्रार्थना संपायच्या आत बाहेर रस्त्यावर असायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, जरा टेका की." ते म्हणाले, "घोड्याच्या संगतीत जन्म गेला, साहेब. घोडं बसलं की समजायचं, काय तरी बिघडलंय."

तरुणपणी ते नगरला लष्कराच्या पागेत नालबंद होते. पुढे पागा मोडल्या, रणगाडे आले. "रनगाड्याला नाल लागत न्हाई, म्हनून मी हिकडं," एवढ्या एका वाक्यात ते ती सगळी हकिकत संपवायचे.

बहात्तर साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा गेला. विहिरी तळाला गेल्या, माणसं खडी फोडायला लागली. जनावरांसाठी गावाबाहेर छावणी निघाली. तिथं गाय, बैल, म्हैस यांना चारा मिळे. घोड्याचं नाव यादीत नव्हतं. त्याच सुमाराला एस.टी. थेट गावात येऊ लागली होती आणि टांग्यांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. एकेका टांगेवाल्यानं आपलं घोडं नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन सोडून दिलं.

घोडी परत येत. सकाळी नवाला, गाडीच्या वेळेला, ती आपली आपण अड्ड्यावर येऊन ओळीनं उभी राहत. टांग्याला कोणी जुंपत नसे, लगाम कोणी धरत नसे. गाडी येई, उतारू उतरून निघून जात, तरी ती तशीच उभी. लोक त्यांच्याकडे न बघता जायला शिकले. मीही शिकलो होतो. एका सकाळी मी दवाखान्यात पोचलो, तर मामांनी ती सगळी, नऊच्या नऊ, दोराला बांधून आमच्या आवारात आणलेली.

"मामा, हे सरकारी आवार आहे."

"म्हनूनच आनली. सरकार सगळ्यांचं असतं."

त्यांत चांदणी नावाची एक पांढरी घोडी होती. ती बाबू टांगेवाल्याची, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामांनी बाबूला बोलावून आणलं.

"बाबू, तुझी घोडी हाय. निदान रोज पानी तरी पाजून जा."

बाबूनं कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नाही. "माझी न्हाई ती, मामा," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून चांदणी कुंपणापाशी आली आणि तिनं त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं. बाबू तसाच ताठ उभा राहिला. मग त्यानं खांदा सोडवून घेतला आणि भरभर चालायला लागला. त्याच्या घरात पाच माणसं खडीच्या कामावर जगत होती. मामा त्याला एका शब्दानंही बोलले नाहीत.

माघात एक व्यापारी ट्रक घेऊन आला. नऊही घोडी नेतो म्हणाला. कुठं नेणार ते तो सांगेना, पण कशाला ते सगळ्यांना कळलं. ही जनावरं कामाला निकामी आहेत असा माझ्या सहीचा कागद त्याला हवा होता. मामांनी त्याला विचारलं, "वाट किती दिसाची?"

"चार दिवस."

"वाटंत पानी?"

"ट्रकात कुठलं पाणी, बाबा?"

"मंग हितंच कर काय करायचं ते. मी धरतो एकेक."

व्यापारी हसला. "इथं? गाव मला जिता सोडंल का?"

गावात ही बातमी पसरली आणि शाळेत सभा भरली. हेडमास्तर कळवळून बोलले. ज्या मुक्या जिवांनी आपली लेकरं, आपले आजारी, आपल्या सासुरवाशिणी वाहिल्या, त्यांना सुरीखाली देणं हे पाप आहे, असं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. एक शेतकरी उठून म्हणाला, "मास्तर, पाप खरं. पर माझा बैल छावनीत कडब्याच्या धाटासाठी डोळं लावून बसतो. त्यातलं घोड्याला द्या म्हनलात तर मी देनार न्हाई." त्याला लोकांनी खाली बसवलं. एकही घोडं कसायाला जाऊ द्यायचं नाही, असा ठराव झाला. सगळे हात वर गेले, माझाही.

मामा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "उद्या सकाळचा चारा कोन आनतंय?"

मग दोघातिघांनी आम्ही आणतो म्हटलं. दोन दिवस उसाचं वाढं आलं. तिसऱ्या दिवशी आलं नाही.

मी कागदावर सही केली नाही, व्यापारी रिकाम्या ट्रकानं गेला, आणि मला आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं. मामा मात्र दिवसभर आवारात येरझारा घालत होते. शेवटी माझ्यापुढे येऊन म्हणाले, "साहेब, मरनाला माझं न्हाई म्हननं न्हाई. त्या ट्रकाच्या वाटंला हाय. आता तो गेला. पर आपन जी लावलीय ती वाट तरी कुठं बरी हाय?"

पुढच्या महिन्याभरात एक घोडा मेला. वाटेनं जाणाऱ्या धनगरांच्या वाड्यानं दोन घोडी ओझ्याला म्हणून नेली. राहिली सहा, आणि त्यांतली चांदणी व एक म्हातारा तांबडा घोडा उठेनासे झाले. मामा मला म्हणाले, "साहेब, दोघांस्नी सुई द्या."

वेदनेत असलेल्या, वाचू न शकणाऱ्या जनावराला मरण देण्याचा मला अधिकार होता. औषध कपाटात होतं. पण मला सभा आठवत होती, वर गेलेले हात आठवत होते. मी म्हटलं, "दोन दिवस बघू."

"काय बघू?"

"सुधारतील कदाचित."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाप मी घेतो, साहेब. सुई तुमी घ्या."

तरीही मी दोन दिवस घालवले. त्या दोन दिवसांत मामा कावळे हाकत चांदणीभोवती फिरत राहिले. तिच्या एका डोळ्याचं जे व्हायचं ते झालंच, कारण मामा पाणी आणायला गेले होते तेव्हा मी कचेरीत कागद लिहीत बसलो होतो. तिसऱ्या सकाळी मी कपाट उघडलं. मामांनी चांदणीची मान धरली, शीर दाबून दाखवली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिले. सारं अगदी थोडक्या वेळात संपलं. मग तांबडा घोडा.

दुपारपर्यंत गावात झालं की डॉक्टर आणि साळवे यांनी घोडी मारून व्यापाऱ्याला विकली. मामांशी पाणवठ्यावर कोणी बोलेना. कोणीतरी बाबूला पुढं केलं आणि बाबूनं अर्ज दिला, की माझी घोडी माझ्या संमतीशिवाय मारली.

चौकशीला नगरहून एक साहेब आले. त्यांनी विचारलं, "इंजेक्शन कोणी दिलं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "म्या दिलं. डाक्टरसाहेबांस्नी ठाव नव्हतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. तेवढंच माझं उत्तर.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. "मामा, असं का केलंत?"

"तुमी गेलात तर फुडच्या जनावराला सुई कोन देईल? मी गेलो तर काय, दुसरा ड्रेसर मिळतोय."

त्यांची बदली राजूरला झाली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरात. शिक्षा म्हणूनच ती होती. मामांनी हुकूम मला दोनदा वाचायला लावला आणि विचारलं, "राजूरला पाऊस लई असतो म्हनत्यात, खरं का?"

"हो. डोंगर आहेत. पाऊस लागला की गवतच गवत."

"मंग बरंच झालं." पावसाळ्याच्या तोंडावर राहिलेली चार घोडी दोरीला घेऊन ते पायी निघाले. त्यांना निरोप द्यायला गावातलं कोणी आलं नाही. बाबू वेशीपाशी लांब उभा होता. मामांनी त्याला हात केला. त्यानं केला नाही.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. एस.टी.नं मी बेलापूरला गेलो. प्रवरेच्या काठी मामा भेटले. कालव्याच्या पाण्यावरचा तो मुलूख. एका बागाईतदारानं त्यांना वाढ्याचे दोन भारे दिले होते आणि घोडी मान वर न करता खात होती.

"मामा, मी उद्या नगरला जाऊन खरं सांगतो."

ते घोड्याचा खूर उचलून बघत होते. "सांगा. तुमच्या जिवाला बरं वाटंल. पर माझी बदली तेवढी रद्द करू नगा."

मी खरोखरच नगरला गेलो. चौकशी करणाऱ्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "फाईल बंद झाली आहे," ते म्हणाले. "तुमची नोकरी अजून सुरू व्हायची आहे. घरी जा." कचेरीतून बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाज अजून जात नाही. आज इतक्या वर्षांनीही ती मला एखाद्या दुपारी उठवून घराबाहेर काढते.

राजूरला जायला मला दीड वर्ष लागलं. गेलो तेव्हा मामा नव्हते. भाद्रपदात ताप आला, चार दिवसांत गेले, असं दवाखान्यात कळलं. बाजाराचा दिवस होता. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं हिरडा आणि भात घेऊन उतरत होती, आणि पोती लादलेल्या दोन घोड्यांना मी लांबूनच ओळखलं. तिसरी, एक काळसर घोडी, ओझ्याविना चालत होती. चौथं कुठं दिसलं नाही. तिच्याबरोबरच्या माणसाचं नाव किसन. मामांनीच ती त्याला दिली होती. मी डॉक्टर आहे आणि मामांच्या ओळखीचा आहे हे कळल्यावर तो बाजूला घेऊन म्हणाला, "बाजारात एक जन हिला इचारत हुता. म्या न्हाई म्हनलं. पर हिचं दात गेल्यात. मामा असता तर त्याला इचारलं असतं, आता काय करू?"

मी तिचं तोंड उघडून पाहिलं. भाताची पेज, भिजवलेला कोंडा, असं काय काय द्यायचं ते त्याला सांगितलं. "खाईल तोवर सांभाळ. उठेनाशी झाली की वाट बघू नकोस. मला निरोप धाड. मी येईन."

"लांबनं येशीला?"

"येईन."

निरोप पुढच्या उन्हाळ्यात आला. माझी बदली तोवर दुसऱ्या तालुक्यात झाली होती. मी त्याच दिवशी निघालो, दोन गाड्या बदलल्या आणि राजूरहून पुढे दोन कोस डोंगर चढून किसनच्या वाडीवर पोचलो. काम झाल्यावर आम्ही दोघांनी तिच्यासाठी खड्डा खणायला घेतला. जमीन कातळाची होती. अंधार पडेपर्यंत आम्ही खणत होतो.