सक्शनच्या तोंडावरचा पुठ्ठा

आमच्या यांच्या खोकल्यापायी मी घरात कुणाला सुखानं नांदू दिलं नाही. गॅलरीला जाळी ठोकून कबुतरं हाकलली. उदबत्ती बंद केली. फोडणी द्यायच्या आधी यांना जिन्यात पिटाळायचे आणि हे बिचारे शेजाऱ्यांशी काहीतरी काम असल्याचं सोंग करत उभे राहायचे. सासूबाई म्हणायच्या, रात्रीचं ताक बाधतं. मी म्हणायचे, रस्त्यावरची खोदाखोदी. पावसाळ्यात इगतपुरीला नणंदेकडे आठवडाभर राहिलो की खोकला उतरायचा, मग आम्ही सगळे घाटावरच्या हवेचे गोडवे गायचो. त्या आठवड्यात हे कामावर जात नाहीत, ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

हे अंबडच्या एका लहानशा शेडमध्ये काम करतात. ओतीव लोखंडाचे भाग तिथं येतात ते वाळू आणि खरबरीत कडा अंगावर घेऊनच. हे ते चाकावर घासतात, मग हवेची गन लावून भोकाभोकांतली धूळ उडवतात. उडालेली धूळ भिंतीतल्या सक्शननं ओढायची आणि पाइपातून बाहेरच्या पिशवीत टाकायची, अशी रचना. डॉक्टरांनी विचारलं होतं, "धूळ ओढायची काही सोय आहे का तिथं?" हे ऐटीत म्हणाले, "आहे ना! चांगलं मोठं सक्शन आहे. दिवसभर चालू असतं." डॉक्टरांचं समाधान झालं, माझंही झालं. तोंडात मारायचा पंप घेऊन आम्ही घरी आलो.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी बायकापोरांनाही बोलावतात. दर वर्षी माझं काही ना काही निघायचं. गेल्या वर्षी मात्र नवी साडी नेसून गेले. चाकांवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, कॉम्प्रेसरलासुद्धा झेंडूचा हार होता. भिंतीवरच्या फळीवर सप्तशृंगीचा फोटो, पुढे दिवा. आरती झाली, पेढे वाटून झाले. हे मला म्हणाले, "चल, तुला आमचं सक्शन दाखवतो." खटका दाबला आणि भिंतीपलीकडे मोटर अशी घुमायला लागली की पेढ्यांचा खोका थरथरला. यांच्या चेहऱ्यावर कौतुक तर असं, की मोटर जणू यांचीच लेक.

"धूळ कुठून आत जाते?" मी विचारलं.

यांनी देवीच्या फळीखाली बोट दाखवलं. तिथं पत्र्याचं रुंद तोंड होतं. मी हौसेनं पदराचं टोक त्याच्याजवळ धरलं. पदर हलला नाही. लांब धरलाय असं वाटून अगदी टेकवलाच. तरी ढिम्म. हात लावून बघितलं तर तोंडावर आडवा पुठ्ठा, चारी कडांना चिकटपट्टी, थरावर थर, आणि धुळीनं त्याचा रंग भिंतीसारखाच झालेला. वर कुणीतरी भक्तिभावानं कुंकवाचं स्वस्तिकही काढलं होतं.

"हे काय आहे?"

"पुठ्ठा."

"ते दिसतंय मला. कशाला लावलाय?"

"अगं, दिवा विझायचा ना," हे इतक्या सहज म्हणाले की मी ऐकतच राहिले. "देवी आधीपासून इथंच आहे. सक्शन मागाहून आलं. पहिल्याच दिवशी चालू केलं आणि दिवा गेला. परत लावला, परत गेला. त्याच आठवड्यात एकाचं बोट चाकात आलं. मग मामांनी पुठ्ठा लावला."

मामा म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने कामगार, नांदगावकडचे. ते शेजारी उभे राहून मान डोलावत होते.

"मग मोटर कशाला फिरवता?"

"ती बंद ठेवलेली शेठना चालत नाही. म्हणतात, एवढा खर्च केलाय, तर चालली पाहिजे."

लोखंडावरची धूळ हे गननं उडवत होते, तिला जायला दुसरी वाटच नव्हती, म्हणून ती यांच्या छातीत जाऊन बसत होती. आणि मी घरी बसून कबुतरांना शिव्या घालत होते! संताप असा आला की समोर कोण आहे, सण कोणता आहे, काही सुचेना. चिकटपट्टीत नख घातलं आणि पुठ्ठा ओढून काढला.

पदराचं टोक झपकन आत खेचलं गेलं. फळीवरच्या झेंडूच्या पाकळ्या एकामागून एक खाली येऊन तोंडात शिरल्या. दिव्याची ज्योत आडवी झाली आणि विझली.

दोन बायका मागे सरकल्या. मामांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. "वहिनी, काय केलं हे! नवमीचा दिवा घालवला! लय वंगाळ झालं."

"दिवा काडीनं परत लावता येतो, मामा," मी म्हटलं. "छातीचं काय करायचं?"

मला वाटलं, निदान हे तरी माझ्या बाजूनं बोलतील. यांनी खटका बंद केला, खाली वाकून पुठ्ठा उचलला, झटकला आणि पुन्हा त्या तोंडावर बसवायला लागले. वाकल्यामुळे खोकल्याची उबळ आली, तरी एका हातानं पुठ्ठा दाबून धरलेलाच. मला जो खरा धक्का बसला तो तेव्हा.

"अहो, मग देवी हलवा की!" मी ओरडलेच. "समोरची भिंत रिकामी आहे."

सगळ्यांनी वळून समोरच्या भिंतीकडे बघितलं. इतकी वर्षं ती तिथंच होती. मामा पुटपुटले, "देवी अशी हलवता नाय येत. मुहूर्त लागतो."

"उद्या दसरा आहे. याहून मोठा मुहूर्त कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी मामांनीच खिळे ठोकले, मी देवीला नारळ दिला, पुठ्ठा निघाला. दिवा समोरच्या भिंतीवर छान तेवत राहिला.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी छातीचा नवा फोटो काढायला लावला. तो त्यांनी उजेडासमोर धरून बघितला. म्हणाले, आत गेलेली धूळ आता बाहेर काढता येत नाही. आणखी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या पायरीवर हे दम घ्यायला बसले. राग यांच्यावर होता, मामांवर होता, त्या शेठवर होता, आणि रडूही येत होतं. मी विचारलं, "इतक्या वर्षांत एकदासुद्धा वाटलं नाही, पुठ्ठा काढून बघावा?"

"नाही गं. दिवा गेला असता," हे म्हणाले. "कामाला लागायच्या आधी मी रोज तिथंच देवीला हात जोडायचो."

"काय मागायचात एवढं?"

यांनी खोकला ओसरू दिला.

"दुसरं काय मागणार? हा खोकला जाऊ दे, म्हणायचो."