नऊ सुतांची फळी

आधीच सांगून टाकतो, मला मोटरसायकल या प्रकाराचा राग आहे. सुताराला धूळ चालते, भुसा चालतो, तेल चालत नाही. कोऱ्या लाकडावर तेलाचा एक थेंब पडू द्या, पॉलिश केल्यावर तोच डाग दुप्पट काळा होऊन वर येतो. आणि माझ्या कारखान्यात, फळ्यांच्या थप्पीपासून चार हातांवर, चोवीस वर्षं एक मोटरसायकल उभी होती. माझी नव्हे, माझ्या ताईची. ताई वरच्या मजल्यावर राहते, गाडी काही जिन्यानं वर जात नाही, म्हणून ती माझ्या उरावर.

गाडी तरी बाजारहाटाची साधीसुधी असावी! ही स्पोर्ट टूरिंग म्हणतात त्या जातीची. इंजिन शर्यतीच्या गाडीसारखं आणि बैठक लांबच्या प्रवासाची. पुढे वारा अडवायला उंच काच, मागे दोन्ही बाजूंना कुलपाच्या दोन पेट्या, आणि पेट्रोल भरलं की वजन अडीचशे किलोच्या घरात. मी तिला म्हैस म्हणायचो, ताईच्या तोंडावर म्हणायचो. ताई म्हणायची, म्हैस तर म्हैस, तुला कुठे धार काढायची आहे?

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आईवडील वर्षभराच्या अंतरानं गेले तेव्हा ती एकोणीसची आणि मी अकराचा. तिनं कॉलेज सोडलं, रुग्णालयात एक्स-रे खात्यात मदतनीस म्हणून लागली आणि तिथेच शिकून तंत्रज्ञ झाली. ते खातं तळघरात. खिडकी नाही, दाराला आतून शिशाचा पत्रा. त्या खोलीत एकेचाळीस वर्षं ती लोकांना सांगत राहिली, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. घरीही तेच. मी लहानपणी भोकाड पसरलं की ती जवळबिवळ घ्यायची नाही. म्हणायची, ठोक्या, श्वास घे, रोख, आता सोड. आणि रडू थांबायचं हो खरंच. ठोक्या हे नाव तिनंच पाडलेलं, मी दिसेल त्यात खिळे ठोकायचो म्हणून.

तिच्या लग्नाचा विषय निघाला की आधी याचं मार्गी लागू दे, हे ठरलेलं उत्तर. माझं लागलं. लग्न झालं, मुलं झाली, कारखाना उभा राहिला, आणि तोवर ताई चव्वेचाळीस वर्षांची झाली होती. पुढे कुणी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

त्या वर्षी तिच्या टेबलावर एक बेकरीवाला खुब्याचा एक्स-रे काढून घ्यायला आला. खुब्यापेक्षा त्याला गाडीचंच दुःख जास्त. म्हणाला, बाई, काल ती मेन स्टँडवर चढली नाही, आता विकायला हवी. मेन स्टँड म्हणजे गाडीच्या पोटाखालचा दोन पायांचा स्टँड. त्याच्यावर पाय देऊन सगळं वजन टाकायचं, हातानं सीटखालची मूठ धरून वर ओढायचं, की गाडी मागे सरकून उभी राहते आणि मागचं चाक अधांतरी होतं. मग ते हातानं फिरवत साखळी पुसायची, तिला तेल द्यायचं. बाजूच्या तिरक्या स्टँडवर कुणीही शेंबडं पोर गाडी लावेल, मेन स्टँडला मात्र गुडघा, कंबर आणि हिंमत तिन्ही लागतात. बेकरीवाल्याला ती गाडी ज्यानं विकली, त्यानं एक नियम घालून दिला होता: ज्या दिवशी ही आपल्या हातानं मेन स्टँडवर चढणार नाही, त्या दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची. जी उचलवत नाही ती आवरणार कशी?

ताई वीस वर्षं स्कूटरवरून कामाला जात होती. रविवारी ती गाडी बघायला म्हणून गेली, पुढच्या महिन्यात घेऊनच आली. मी कपाळावर हात मारला. या वयात हे काय खूळ, लोक काय म्हणतील, हात-पाय मोडून घेशील, सगळं बोलून झालं. ती हेल्मेट पुसत उभी होती.

"तुमचं सगळ्यांचं झालं ना?" म्हणाली. "आता हे माझं."

मी परत रंध्याकडे वळलो.

मग दर शनिवारी संध्याकाळी पाचला ती खाली यायची. जुनी पँट, हातात चिंधी. श्वास घ्यायची, रोखायची, पाय द्यायची, की धप्प, गाडी वर. मग श्वास सोडायची. खाली बसून चाक फिरवायची आणि साखळी टिकटिक करत फिरायची. मी पाठमोरा रंधा मारत असायचो, पण तो आवाज ऐकू आला की शनिवार आहे हे कळायचं. रविवारी पहाटे ती निघायची. कधी चारशे किलोमीटर जाऊन रात्री घरी, कधी आठ-आठ दिवस गायब. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणायची, रस्ता चांगला होता.

तिच्यामागे मी एकदाच बसलो. डोंगरापलीकडे एका गिऱ्हाइकाच्या घरात दारं बसवायची होती आणि बस चुकली. माझी तर पाचावर धारण बसली होती. पहिल्या चार वळणांनंतर तिनं गाडी कडेला घेतली आणि सांगितलं, ठोक्या, मी डावीकडे झुकते तेव्हा तू उजवीकडे झुकतोस. असं करू नकोस. श्वास सोड आणि माझ्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघ, बाकी गाडी करेल. तसं केलं. मग कुठे जिवात जीव आला. वर पोचल्यावर तिनं हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल, आणि ती हसत होती, कुणाकडे बघून नव्हे, अशीच. तोवर मला कधी सुचलंच नव्हतं की माझी ताई एकोणीस वर्षांची असतानाही अशी हसत असेल. मी तेव्हा अकराचा होतो आणि आपलंच रडत होतो. फार लाज वाटली मला. संध्याकाळी परत मात्र बसनंच आलो, हेही सांगून टाकतो.

ताई साठीला निवृत्त झाली. पुढच्याच वर्षीची गोष्ट. शनिवार होता, मी दाराआड फळ्या मोजत होतो. तिनं श्वास घेतला, रोखला, पाय दिला. गाडी अर्धी उचलली आणि पुन्हा खाली आली. दुसऱ्यांदाही तेच. ती खाली बसली, गुडघा चोळला, इकडेतिकडे पाहिलं. मी दिसलो नाही. तिसऱ्यांदा तोंडातून आवाज काढून तिनं ती कशीबशी वर ओढली. मग बराच वेळ साखळीला हात न लावता नुसती बसून राहिली.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. सतरा वर्षं मी हेच मागत होतो, जाऊ दे एकदाची ही म्हैस. पण मला ते डोंगरावरचं तोंड आठवलं. बसलेली ताई बघवेना.

त्या आठवड्यात मी आरडाओरडा केला की तुझ्या तेलानं माझी फरशी खराब होते, आणि गाडीच्या कोपऱ्यात लाकडी फळ्या अंथरल्या. स्टँडचे पाय टेकतात तेवढी फरशी उघडीच ठेवली. मागचं चाक उभं राहतं तिथली फळी दोन सूत जाड, कड तासून उतार दिलेली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्हा सुतारांचं माप. चाक आधीच दोन सूत वर, म्हणजे उचलायचं तेवढं कमी. पुढच्या शनिवारी गाडी पहिल्या झटक्यात चढली. ताई खाली बसून साखळी पुसायला लागली. मी शीळ घालत रंधा मारत राहिलो.

मग ती सवयच लागली. वर्ष सरलं, तिचा गुडघा कुरकुरला, की ती बाहेरगावी असताना मी फळी बदलायचो. दोनाची तीन सूत, तिनाची चार. नवं लाकूड ओळखू येऊ नये म्हणून त्याला जुनं तेल चोळायचो. मी, तेलाचा वैरी! बायकोनं एकदा पकडलं. म्हणाली, अहो, वन्संवर माया करताय की त्यांच्या जिवावर उठलाय? एखाद्या दिवशी रस्त्यात गाडी नाही आवरली तर? तिचं खरंच होतं. फळी जाड करणारा मी, आणि ताई बाहेर असताना फोन वाजला की धावत जाणारा पण मीच. दर वेळी ठरवायचो, आता बस. आणि दर वेळी रविवारी पहाटे ती निघताना माझ्या खिडकीकडे हात करायची, की ठरवलेलं विरून जायचं. अशी सात वर्षं गेली आणि फळी आठ सुतांवर, म्हणजे पुऱ्या इंचावर आली.

ताई अडुसष्टची झाली. मोठ्या प्रवासाला निघायचं म्हणून तिनं गुरुवारी मागचा टायर नवा टाकला. शुक्रवारी ती बँकेत गेली तेवढ्यात मीही माझ्या बाजूनं तयारी केली आणि नऊ सुतांची फळी बसवली. शनिवारी पाच वाजता ती खाली आली. श्वास, पाय, आणि गाडी नुसत्या बोटानं उचलावी तशी चढली. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या!

आणि मग टिकटिक ऐकूच येईना. मी रंधा थांबवला. चिंधी घासल्याचाही आवाज नाही.

"ठोक्या, इकडे ये."

मी गेलो. ती चाकापाशी बसली होती. दोन्ही हातांनी चाक फिरवायला बघत होती आणि चाक हलत नव्हतं. टायर माझ्या फळीवर घट्ट टेकला होता. गाडी स्टँडवर आणि चाक जमिनीवर, असा प्रकार.

"किती केलीस?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"फळी."

"नऊ सूत," मी म्हटलं.

"आठांवर थांबायचं होतंस. नवा टायर दोन सूत तरी उंच असतो."

मी तिच्या गुडघ्याचं माप घेतलं, चाकाचं घ्यायला विसरलो. आयुष्यभर लोकांची दारं अर्ध्या सुतानं अडकू न देणारा मी! पण ताई रागावली नव्हती. तिला दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. चाक अधांतरी झालं की त्याच्याखाली पूर्वी तिची दोन बोटं जायची. मग दीड, मग एक, मग करंगळी. गेल्या महिन्यात फक्त माझी चपटी पेन्सिल जात होती. ती दर शनिवारी मोजत होती आणि वर जाऊन गप्प बसत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तोंडानं म्हैस म्हणायचास आणि हातानं फळी तासायचास." तिनं चिंधीची घडी केली. "नियम मोडतेय हे कळत होतं रे. वाटायचं, आजचा शेवटचा. मग चाक फिरायला लागलं की वाटायचं, अजून एक रविवार. तू एक सूत वाढवायचास, मी एक वर्ष घ्यायची." मग म्हणाली, "काढ ती फळी."

मी गाडी स्टँडवरून उतरवून ती काढली. फरशीवर चाक ठेवलं. तिनं श्वास घेतला, रोखला, पाय दिला. गाडी हललीसुद्धा नाही. पुन्हा एकदा. नाही. तिसऱ्यांदा तिनं पाय दिलाच नाही. टाकीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग माझ्याकडे वळली.

"सोड आता," म्हणाली.

मला वाटलं गाडीबद्दल बोलतेय. पण मीच केव्हापासून श्वास कोंडून उभा होतो. तो सोडला आणि त्याच्याबरोबर रडूच बाहेर आलं, साठ वर्षांच्या घोड्याचं. तिनं जवळबिवळ घेतलं नाही. चिंधी पुढे केली. तेलकट होती, तरी मी डोळे पुसले.

गाडी तिच्या रुग्णालयातली अँब्युलन्स चालवणारी एक बाई घेऊन गेली. तिशीतली, दणकट. ताईनं तिला कागद दाखवायच्या आधी सांगितलं, मेन स्टँडवर लाव. तिनं नुसत्या फरशीवर एका दमात लावली. मग ताईनं नियम सांगितला आणि चावी दिली. गाडी गल्लीच्या वळणावर झुकली तेव्हा ताईचा खांदाही थोडा डावीकडे गेला, मी पाहिलं. नंतर मी कोपरा धुऊन काढला. चोवीस वर्षं हवा असलेला कोपरा मिळाला, आणि आजतागायत तिथे मी एक फळीसुद्धा रचलेली नाही.

पुढच्या शनिवारी पाचला ती सवयीनं खाली आली, स्टुलावर बसली, रिकाम्या फरशीकडे बघत चहा प्यायली. परत जाताना जिन्यापाशी थांबली. आमच्या जिन्याची पहिली पायरी मुळातच उंच आहे. कठडा धरून तिला ती दोनदा प्रयत्न करून चढावी लागली. मी पाठमोरा होतो, पण कान तिकडेच.

आठवडाभरात मी ती नऊ सुतांची फळी त्या पायरीच्या पुढ्यात बसवली. कडा गोल केल्या, चार स्क्रू मारले, पॉलिश केलं. तिच्यावरचा तेलाचा डाग काळा होऊन वर आलाच, येऊ दिला. शनिवारी ताई चहा पिऊन निघाली. फळीवर पाय पडताच थांबली. वाकून पाहिलं, डागावरून बोट फिरवलं.

"किती सूत?" तिनं पाठमोरं असतानाच विचारलं.

"नऊ."

पायरी ती एका दमात चढली. वर गेल्यावर म्हणाली, "यापुढे वाढवायची असेल तेव्हा सांगून वाढव."