अण्णांचा कौल

थिएटरच्या बाहेर पडायच्या दारावर अण्णा सव्वीस वर्षं उभे होते. दार जड, दोन झडपांचं. खेळ सुटायच्या दोन मिनिटं आधी कडी काढायची, एक झडप भिंतीला टेकवायची, दुसरी पायाने अडवायची. भुताचा सिनेमा लागणार असला, की आदल्या दिवशी ते बिजागऱ्यांना तेल देत. करकर पडद्यावरच्या दाराने करावी, आपल्या नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्या वर्षांत त्यांनी एकही सिनेमा पाहिला नव्हता. तरी रविवारी दुपारचा खेळ सुटला की मालक त्यांनाच विचारत, "ठेवायचा का अजून एक आठवडा?" अण्णा माणसांचे पाय बघून सांगत. पैसे वसूल झालेला माणूस रेंगाळतो, फसलेला तडक फाटक गाठतो. हा कौल कधी चुकला नव्हता. मिरवावं असं त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

मग एका जुन्या भयपटाचा नवा अवतार लागला, आणि पायांचा हिशेबच लागेना. एकाच घरातला नवरा फाटकाकडे, बायको पायरीवर, सासूबाई मधेच उभ्या.

"आई सुरुवातीलाच मेली ना? मग जेवायला कोण वाढत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"तेच तर भीतीचं आहे," पायरीवरून बायको म्हणाली.

"भीती कसली, डोक्याला ताप. जुन्यात भूत कोण ते तरी कळायचं."

मालकांचा पुतण्या आता तिकीटविक्री संगणकावर बघायचा. तो म्हणाला, "अण्णांना विचारणं म्हणजे कावळा ओरडला की पाहुण्यांसाठी भात टाकणं." मालक हसले नाहीत. "अण्णा, या वेळी नीट सांगा. चुकलं तर पुढच्या वेळी याचंच ऐकावं लागेल."

रविवारी अण्णांनी दार सफाईवाल्याकडे सोपवलं आणि बायकोला घेऊन आत बसले. तिने लग्नाआधी जुना पाहिला होता. अर्धा वेळ अण्णा मान वळवून मागच्या रांगा न्याहाळत होते.

"अहो, पडदा पुढे आहे," ती म्हणाली.

मग त्यांनी पडदा पाहिला, आणि मान परत वळली नाही.

खेळ सुटला. दोघं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"आई मेलीच नव्हती मुळी," बायको म्हणाली.

"मग जिन्यात पांढरं काय उभं होतं?"

"तो मुलगा. मेला तो."

"काहीतरीच. मेलेला मुलगा दार कशाला ठोठावेल? सरळ आत येईल की."

"तुम्हाला मेलेल्यांचं फार कळतं."

लोक दोन्ही बाजूंनी वाट काढत गेले. सफाईवाल्याने दोनदा "अण्णा, बाजूला" म्हटलं. मोकळ्या दारात मालक आणि पुतण्या येऊन उभे राहिले.

"बोला अण्णा. ठेवायचा?"

अण्णांचा चेहरा उतरला. एकाही माणसाचे पाय त्यांनी पाहिले नव्हते. थाप मारणं सोपं होतं. पण न केलेल्या कामाची मजुरी त्यांनी कधी घेतली नव्हती.

"सांगता यायचं नाही, मालक. माझं दाराकडे लक्षच नव्हतं."

पुतण्याने ओठ दाबले. मालकांनी अण्णांच्या बायकोकडे पाहिलं. "हे इथे कधीपासून उभे आहेत?"

"सुटल्यापासून. हलायला तयार नाहीत. वर म्हणतात, माझंच चुकतंय."

"चुकतंयच तुझं," अण्णा म्हणाले.

"ठेव रे अजून एक आठवडा," मालक पुतण्याला म्हणाले.

"याला माझा कौल म्हणू नका," अण्णा म्हणाले. "काम झालेलं नाही."

"नाही म्हणत," मालक म्हणाले. "पुढच्या रविवारी मात्र दारावर राहा. विचारायला येईन."