मागचे भाऊ निघतात

जातो असं लेखी कळवून इतक्या निष्ठेने न जाणारा माणूस जळगाव आणि धुळे ह्या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नाही, हे मी कुणाहीपुढे छातीठोकपणे सांगायला तयार आहे. आमच्या जळगावच्या घरात, मागच्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहत, म्हणून सगळी गल्ली त्यांना ‘मागचे भाऊ’ म्हणे. मूळचे शिरपूरकडचे. सरकारी कचेरीत कारकून, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि चालण्यात अशी एक सावकाशी, की मागून येणारी गाय त्यांना ओलांडून पुढे जाई. त्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांनी खोल्या सोडत असल्याची नोटीस दिली. ती दिली मात्र रजिस्टर पोस्टाने. आमच्या दारापासून त्यांचं दार वीस पावलांवर होतं, पण कायदा म्हणजे कायदा.

पोस्टमन नोटीस घेऊन आला तेव्हा माझे वडील, म्हणजे आबा, ओट्यावर बसले होते, आणि शेजारी भाऊ त्यांचंच वर्तमानपत्र वाचत होते. आबांनी सही केली. “काय आलं, आबा?” भाऊंनी विचारलं. आबांनी पाकीट फोडलं, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, “तुमचीच नोटीस शे.” “लवकर पोचली म्हणायची,” भाऊ समाधानाने म्हणाले. मग वर्तमानपत्राची घडी घालून ते उभे राहिले. “तर मग आबा, एक तारखेला आम्ही निंघतस.” त्यावर आबा जे म्हणाले, ते खानदेशातला कुठलाही माणूस म्हणाला असता. “थांबा ना भाऊ. इतली काय घाई शे?”

आता ह्या वाक्याची गंमत आमच्याकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. निघणाऱ्याने निघतो म्हणायचं, घरच्याने थांबा म्हणायचं, आणि ते ऐकत ऐकत निघणाऱ्याने पायात चपला घालायच्या. थांबा म्हणणारा मनात उद्याच्या कामाचा विचार करत असतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष चपलेच्या अंगठ्याकडे असतं. पण ते म्हटलं नाही, तर त्या घराला दोन पिढ्या नावं ठेवली जातात. हा शब्द शब्दशः पाळणारा माणूस मात्र आम्ही पहिल्यांदाच पाहिला. “तुम्ही म्हणतस तं थांबस,” असं म्हणून भाऊ पुन्हा खाली बसले आणि तसे ते सात वर्षं बसले.

ह्यात लबाडी असती तर त्यांच्याशी भांडता आलं असतं. पण त्या माणसाने आबांच्या शब्दासाठी जे सोसलं, ते पाहून माझ्यासारख्या तापट पोराचेही हात जोडले जात. नोकरी धुळ्याला आणि मुक्काम जळगावला. पहाटे उठून भाऊ एसटी गाठत, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जात आणि दिवेलागणीला तसेच परत येत. उन्हाळ्यात त्यांचा पांढरा सदरा परत येईपर्यंत गेरूच्या रंगाचा झालेला असे. वाटेवरच्या सगळ्या कंडक्टरांच्या मुलांची नावं आणि इयत्ता त्यांना पाठ होत्या. एकदा मी न राहवून विचारलं, “भाऊ, धुळ्यात खोली मिळत नाही का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. “मिळस ना,” ते म्हणाले, “पण आबा थांबा म्हणेल शेत. मोठ्या मानूसना शबद कसा मोडू?”

बरं, नोटीसही त्यांनी कधी मागे घेतली नव्हती. आपण निघालेलो आहोत, फक्त थांबलेलो आहोत, अशी त्यांची स्वच्छ समजूत होती. त्यामुळे नोटिशीच्या आठवड्यात बांधलेलं सामान त्या घरात पुन्हा सुटलं नाही. सगळा संसार गाठोड्यांत आणि पोत्यांत होता. वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, कुठल्या गाठोड्यात काय आहे ते डोळे मिटून सांगता येई. चहाची भांडी दाराजवळच्या पोत्यात, लोकरीचे कपडे खिडकीखालच्या गाठोड्यात, आणि पाहुणा आला की त्याला बसायला द्यायची ती अंथरुणांची वळकटी. वापर झाला की वस्तू पुन्हा बांधून ठेवायची. जाणाऱ्या माणसाने भिंतीला खिळा मारू नये असा भाऊंचा नियम होता, म्हणून दरवर्षीचं कॅलेंडर ते दाराच्या कडीला अडकवत आणि दार उघडलं की महिना दिसेनासा होई.

गल्लीवर तर ह्या निघण्याचं मोठंच काम पडलं. दर उन्हाळ्यात भाऊ नव्या सदऱ्यात आबांपुढे येऊन निघतो म्हणत. निघणार म्हटल्यावर निरोपाचं जेवण आलंच. एका घरी भरीत आणि कळण्याच्या भाकरी, दुसऱ्या घरी खापरावरचे मांडे आणि रस. भाऊ प्रत्येक घरी डोळ्यांत पाणी आणून जेवत आणि ते पाणी खरं असे. आई वहिनींची ओटी भरून खण देई, शेजारणी देत. मग आबा थांबा म्हणत आणि खण तेवढे वहिनींकडे राहत. आई आबांवर चिडे. “तुम्हाले गप्प ऱ्हाता येत नही का?” आबा खजील होऊन म्हणत, “तोंडातून निघी जास. लहानपणची सवय शे.”

मग माझं लग्न ठरलं आणि ह्या विनोदातली मजा एकदम संपली. मुलगी असोद्याची. तिचे वडील केळीचे शेतकरी, बोलायला मोजके. आमचं घर पाहून ते म्हणाले, “पोरगी ऱ्हाईल कुठे?” पुढच्या दोन खोल्यांत आई, आबा, मी आणि माझ्या दोघी बहिणी. मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या की तारीख काढू, असं सांगून ते उठले. आबा सवयीने थांबा म्हणाले आणि ते रीतसर निघून गेले. मला ती मुलगी फार आवडली होती. त्या रात्री मी आबांना वाटेल ते बोललो. तुमच्या एका शब्दापायी माझं लग्न मोडेल, म्हणालो.

त्या उन्हाळ्यात भाऊ नेहमीप्रमाणे यायचे होते. आईने आबांच्या तोंडात एक अख्खी सुपारी दिली आणि ती काढायची नाही अशी शपथ घातली. भाऊ आले, वाकून नमस्कार केला. “आबा, निंघस मी.” आबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. भाऊ वाट पाहत उभे राहिले. त्यांनी एक चप्पल घातली, थोडं थांबून दुसरी घातली. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत होतो. “बरं,” असं म्हणून ते मागे गेले. सामान सात वर्षं बांधलेलंच होतं, त्यामुळे टेम्पो भरायला अर्धा तासही लागला नाही. टेम्पो वळला तेव्हा आबा कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे चालत गेले. परत आल्यावर त्यांनी सुपारी थुंकली आणि पुन्हा कधी सुपारी तोंडात घातली नाही. “घरातून माणूस गेला आणि मी थांबा म्हटलं नही,” एवढंच ते म्हणत राहिले.

माझ्या लग्नाला भाऊ सगळ्यांत आधी आले आणि सगळ्यांत शेवटी गेले. मनात काहीही ठेवलं नव्हतं. वहिनींनी आहेरात गोधडी दिली. निरोपाच्या सगळ्या खणांची ती गोधडी होती, आणि आईला त्यातला आपला एकेक खण ओळखू आला. मला मात्र त्या गोधडीकडे नीट पाहवेना.

पुढे काही वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले, ते मागच्याच खोलीत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस. निरोप मिळताच भाऊ धुळ्याहून आले. आबांच्या अंगावर तीच गोधडी होती. आबांनी त्यांना ओळखलं आणि बारीक आवाजात म्हणाले, “भाऊ, आते निंघस मी.” भाऊंनी गोधडीची कड नीट केली. “थांबा ना आबा. इतली काय घाई शे?” आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते म्हणाले, “तुम्ही म्हणतस तं थांबस.”

आबा अठरा दिवस थांबले. डॉक्टर चकित झाले, मी झालो नाही. ह्या वेळी भाऊ रजा टाकून उलटी एसटी करत होते. सकाळी धुळ्याहून निघत, आबांच्या उशाशी बसत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. अठराव्या सकाळी त्यांची गाडी पारोळ्याजवळ बंद पडली. आबांनी दोनदा दाराकडे पाहिलं आणि मग मला म्हणाले, “निंघस रे मी.” जवळ मी एकटाच होतो. शब्द मला ठाऊक होता, सबंध खानदेशाला ठाऊक होता, पण माझ्या तोंडून तो फुटला नाही.

भाऊ आले तेव्हा दुपार झाली होती. चपला काढून ते आत आले आणि त्यांनी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “थांबा म्हटलं होतं ना कोणी?”

मी हो म्हणालो.