बंडीच्या अस्तरातली फुलं

चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत कुणीही गेलं, की पहिलं बोलावणं आत्याला. मृताला अंघोळ घालायची, केस विंचरायचे, ठेवणीतले कपडे चढवायचे, हे काम ती तीस वर्षं करत होती आणि मनापासून करत होती. करता करता गप्पाही मारायची. "हात जरा सैल सोडा, काका. आता कसली घाई तुम्हाला?" शवपेटी तिचा थोरला भाऊ बनवायचा. दादा फळ्यांना रंधा मारायचा, आत्या माणसाला नीटनेटकं करायची, आणि बहीणभावाचं झकास चाललं होतं.

तिचा एक नियम होता. अंगावरचे कपडे उतरवताना खिसे आणि शिवणी चाचपायच्या, सापडेल ते पाकिटात घालून घरच्यांच्या हाती द्यायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं.

मग दादाच गेला. झोपेत, कुणाला त्रास न देता. आत्यानं सवयीनं त्याची जुनी बंडी चाचपली, तर अस्तरात काहीतरी टोचलं. टाके उसवले, तर आईची सोन्याची कानातली फुलं! आईच्या शेवटच्या आजारात ती नाहीशी झाली होती. आईची सेवा मधल्या वहिनीनं केलेली, म्हणून आळही तिच्यावरच आला. मधला भाऊ तिला घेऊन वेगळा झाला. बावीस वर्षं वहिनीशी कुणी धड बोललं नाही. आत्याही नाही. आणि हा भला माणूस ती फुलं छातीशी घेऊन हिंडत होता!

दादाला मातीआड केल्यावर तिनं फादरांचं घर गाठलं, सगळं सांगितलं आणि सरळच विचारलं, "दादा नरकात गेला का हो, फादर?"

फादरांनी तिला खुर्ची दिली. "एक गोष्ट ऐका. ख्रिस्ताच्याही आधीची. लढाईत पडलेल्या ज्यू सैनिकांना पुरायला त्यांचे सोबती गेले, तर अंगरख्यांखाली परक्या देवांचे ताईत निघाले. धर्मात सक्त मनाई असलेले. पण सोबत्यांनी त्यांना टाकलं नाही. त्यांच्या पापासाठी प्रार्थना केली, अर्पण पाठवलं. मृतांसाठी प्रार्थना करायची आपली रीत इतकी जुनी आहे. असे आत्मे जिथे थांबतात त्या जागेचं शुद्धिस्थान हे नाव मात्र फार नंतरचं, ख्रिस्तानंतर हजारावर वर्षांनी रुळलेलं."

"तिथे जाळतात ना पण?"

"त्याला लोकांनी बरंच तिखटमीठ लावलंय. शिकवण एवढीच, की देवाशी नातं न तोडता गेलेला पण डाग राहिलेला माणूस तिथे स्वच्छ होतो. तो देवाकडेच निघालेला असतो. आणि इथून आपल्याला त्याला हात देता येतो. प्रार्थनेनं, त्याच्या नावानं चर्चमध्ये केलेल्या मिस्साच्या उपासनेनं, त्याच्यासाठी केलेल्या चांगल्या कामानं."

आत्याच्या जिवात जीव आला. माणसाला स्वच्छ करून पुढे पाठवायचं, हे तर तिचं रोजचंच काम. देवही तेच करतो म्हटल्यावर तो तिला एकदम आपल्यातला वाटला. दादाला हात कुठे द्यायचा, हेही तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनीच्या दारात उभी राहिली. भाऊ कामावर गेलेला, वहिनी भाजी निवडत बसलेली.

"वन्सं? वाट चुकलात की काय?"

आत्यानं पाकीट पुढे केलं. "दादाच्या बंडीत होती. तुमचा काही दोष नव्हता, वहिनी. मीही तोंड फिरवलं. मला माफ करा. जमलं तर त्यालाही करा. तो शुद्धिस्थानात अडकलाय."

वहिनीनं फुलं तळहातावर ओतली. "माझी सगळी उमेदीची वर्षं गेली या फुलांपायी," ती म्हणाली. "आणि आता दादांना सुटू दे म्हणता? राहू देत चार दिवस तिथेच. कळू दे जरा."

"राहू दे," आत्या म्हणाली. बावीस वर्षांच्या बदल्यात चार दिवस म्हणजे दादा स्वस्तात सुटला होता.

वहिनीनं फुलं कानात घालायला घेतली. फिरकी बसेना, म्हणून ती आत्यानं बसवून दिली. मग वहिनी उठली, चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "चार दिवस फार झाले, वन्सं. आईंच्या दुखण्यात दादाही जागले होते माझ्याबरोबर. आज संध्याकाळी त्यांच्या नावानं मिस्सा आहे ना? मी येते."